बागेतला सिग्नल वरच राहू द्यावा

मी, गेर्लिंडे पेस्लर, कै. ओट्मार पेस्लर यांची पत्नी, वय वर्षे ७९, रेडिओच्या कारखान्यातली निवृत्त सोल्डरकामगार, राहणार टेकडीचा रस्ता, घर क्रमांक ११, क्रोटनबाख, हे मृत्युपत्र स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे ठिकाणावर नाहीत, पण कायदा गुडघ्यांबद्दल काही विचारत नाही. मला कोणी धमकावलेले नाही, फूस लावलेली नाही. १९९६ साली मी केलेले मृत्युपत्र आजपासून रद्द समजावे. त्यात माझ्या मुलाचे, फाल्कचे, नाव नव्हते. ओट्मार समोर बसून होता आणि मी मुकाट सही केली. त्या सहीची मला अजून लाज वाटते.

हाताने लिहिलेल्या मृत्युपत्राला आमच्याकडे साक्षीदार लागत नाहीत. तरी मी दोन घेतले आहेत. एक शेजारीण रोजविटा, जिला सगळे आधीच ठाऊक असते. दुसरा सीगमार हेनेल, आमच्या गावच्या छोट्या रेल्वे मंडळाचा, म्हणजे नमुन्याच्या आगगाड्या बांधणाऱ्या हौशी लोकांचा, अध्यक्ष. म्हातारी भ्रमिष्ट झाली होती असे उद्या कोणी म्हणू लागले तर निदान त्याची तरी सही असावी, म्हणून.

कलम १. घर फाल्कला. उत्तरेकडची कौले दर शरद ऋतूत बघावीत. तळघरातल्या लाकडी मेणबत्ती-कमानी नाताळात खिडक्यांत लावाव्यात, नाहीतर गल्लीत आपलीच खिडकी अंधारी दिसते आणि रोजविटा विचारायला येते.

कलम २. बँकेत जे असेल तेही फाल्कला. आकडा इथे लिहीत नाही, कारण सीगमार वाचणार आहे.

कलम ३. माझे सोल्डरिंग आयर्न, त्याची तीन टोके, भिंगाचा दिवा आणि चिमटे छोट्या रेल्वे मंडळाला द्यावेत. मात्र एक अट आहे.

सत्तावीस वर्षे मी रेडिओच्या तारा जोडल्या. दिवसाला चारशे सांधे, एकही कच्चा नाही. ओट्मार मंडळात जायचा तेव्हा मीही नाव नोंदवायला गेले होते. त्या वेळी सीगमार म्हणाला, "अगं ये की गेर्लिंडे! कॉफी-केकच्या टेबलावर आम्हाला माणूस कमीच पडतोय." सगळे हसले. ओट्मारही हसला, ते त्याच्या खात्यावर. मी घरी आले आणि पुन्हा कधी त्या दारात पाऊल टाकले नाही. तर अट अशी: पुढच्या उन्हाळ्यात मंडळाचा जो खुला दिवस होईल, त्या दिवशी केकचे टेबल सीगमारने एकट्याने सांभाळावे. माझा फुलाफुलांचा एप्रन त्यासाठी त्याला देत आहे. तो धुऊन इस्त्री करून ठेवला आहे.

कलम ४. बागेतली रेल्वे फाल्कला. हे कलम लांब आहे, कारण सगळे इथेच आहे.

ओट्मारने ही रेल्वे चाळीस वर्षे बांधली. एकशे दहा मीटर रूळ, दोन पूल, दगडी भिंतीतला एक बोगदा. त्याच्या काळात वीज रुळांतून यायची. उघड्यावरचे रूळ काळे पडतात, काळ्या रुळांतून वीज चाकापर्यंत पोचत नाही, म्हणून दर वसंतात तो गुडघ्यांवर रांगत एकशे दहा मीटर घासून काढायचा. गेल्या फेब्रुवारीच्या आधीच्या फेब्रुवारीत, म्हणजे २०२४ साली, तो गेला. त्या वसंतात रूळ कोणी घासले नाहीत. इंजिने शेडमधल्या फळीवर ओळीने बसून राहिली.

सीगमार भेटायला आला तेव्हा म्हणाला, "विकून टाक गं. तुझ्याच्याने रांगणं व्हायचं नाही."

"मग न रांगता चालेल अशी करते," मी म्हटले. खरे तर काय करणार हे मला माहीत नव्हते. त्याने तसे म्हटले नसते तर कदाचित मी विकलीही असती.

मग शोधत गेले तेव्हा कळले की आता इंजिनाच्या पोटातच बॅटरी बसवतात आणि ते हातातल्या फोनवर चालवतात. रुळांत वीज लागतच नाही. मी लाल इंजिन टेबलावर घेतले. चाकांकडून मोटरीकडे जाणाऱ्या तारा कापल्या. कोळशाच्या टाकीत बॅटरी बसवली, फोनचा हुकूम हवेतून घेणारी छोटी विजेची पट्टी छताखाली चिकटवली, मोटरीच्या दोन तारा पट्टीला जोडल्या. तेवढे काम मला एका संध्याकाळचे होते. खरा घोळ पुढे झाला.

फाल्क असल्याच गोष्टींच्या कारखान्यात काम करतो, त्याला हे शिकवायची गरज नाही. तरी लिहिते, कारण मी शिकले हे त्याला कळावे.

फोनवर इंजिनांची यादी यायला हवी. माझी यादी रिकामी. बॅटरी बदलली, पट्टी उलटसुलट केली, सांधे तपासले, पुन्हा रिकामी. चार दिवस गेले. शेवटी औषधांच्या दुकानातल्या मुलीला फोन दाखवला. ती म्हणाली, "आजी, तुम्ही कुठे आहात हे फोनला कळू देऊ का, असं त्याने विचारलं होतं ना? तुम्ही काय दाबलंत?"

"नाही म्हटलं. दर वेळी नाही म्हटलं."

"का?"

तिला काय सांगणार? तिचा जन्म आमचा देश दुभंगणारी भिंत पडल्यावरचा. मी कुठे आहे, कोणाबरोबर आहे, हे विचारणाऱ्यांच्या राज्यात माझे अर्धे आयुष्य गेले. तसला प्रश्न आला की बोट आपोआप 'नाही'वर जाते. पण इंजिनाचा आवाज, म्हणजे पट्टीतून येणाऱ्या रेडिओलहरी, ऐकायला फोनला ती परवानगी लागतेच. ज्याची यादी रिकामी असेल त्याने आधी हे बघावे. आमच्या वयाच्या मंडळींनी तर नक्कीच.

आणखी काही गोष्टी. पुढे म्हटल्यावर इंजिन मागे गेले तर मोटरीच्या दोन तारांची अदलाबदल करावी. इंजिनातली चालकाची खोली पितळी असेल तर पट्टीची टोकाची तार खिडकीशी आणावी, पितळातून आवाज बाहेर पडत नाही. तांबडा दिवा लुकलुकला म्हणजे बॅटरी उतरली, ताबडतोब घरी आणावे. फोनशी संबंध तुटला की इंजिन आपोआप थांबेल अशी सोय फोनवर शोधून चालू करावी. मी केली नव्हती, आणि रोजविटाने केकमध्ये दालचिनी किती घालू हे विचारायला नेमका त्याच वेळी फोन केला. मी अर्धा चमचा म्हणेपर्यंत लाल इंजिन पूल ओलांडून करवंदासारख्या त्या आंबट बोरांच्या झुडपात शिरले होते.

आता पहिल्या दिवसाबद्दल. जून महिना होता, सकाळी नऊचा सुमार. मी लाल इंजिन काळ्या रुळांवर ठेवले. रुळांत काही नाही हे मला माहीत होते, मुख्य तार मी स्वतः कापली होती. मी स्टेशनच्या बाकाजवळ उभी राहिले आणि बोटाने काचेवरची रेघ हळूच सरकवली. इंजिन हलले. कोणी ढकलले नाही, कशाला चिकटलेले नाही, खाली मेलेले लोखंड, आणि ते निघाले, वळणावर गेले, बोगद्यात गेले. मी श्वास धरून उभी. ते दुसऱ्या तोंडाने बाहेर आले तेव्हा मी मोठ्याने म्हटले, "अरे देवा!" आणि मी काही चर्चला जाणाऱ्यांतली नाही. आयुष्यभर मी आवाज पकडणारी यंत्रे जोडली, हवेतून काय काय येते हे मला ठाऊक आहे. तरी माझ्या बोटाखालची इच्छा फुलझाडांवरून जाऊन वीस पावलांवरच्या चाकांत शिरते, हे मला पटत नव्हते. त्या दिवशी मी तेवीस फेऱ्या काढल्या. दुपारचे बटाटे करपले.

कलम ५. बागेच्या फाटकाजवळचा सिग्नल. तो विकू नये, कोणाला देऊ नये, आणि त्याचा हात वरच राहू द्यावा. आमच्याकडे हात वर म्हणजे वाट मोकळी, आडवा म्हणजे थांबा.

ओट्मार शेवटची नऊ वर्षे तो हात कायम वर ठेवायचा. गाडी नसली तरी, बर्फ पडला तरी. मला वाटायचे, वयाने विसरतोय. एकदा वाळत घातलेली चादर अडकत होती म्हणून मी तो आडवा केला, तर पंचावन्न वर्षांच्या संसारात पहिल्यांदा तो माझ्या अंगावर ओरडला. "हात लावू नकोस त्याला! वाट मोकळी आहे!" मी म्हटले, "कोणासाठी मोकळी? मुंग्यांसाठी?" तो हात पुन्हा वर करून आला आणि जेवायला बसला. तो शब्द मी मागे घेऊ शकले असते तर घर दिले असते.

हा हात फाल्कने स्वतः येऊन खाली घ्यावा. दुसऱ्या कोणी नाही. का, ते पुढच्या कलमात आहे.

कलम ६. हिरवे इंजिन.

आधी फाल्कबद्दल. १९८९ च्या उन्हाळ्यात, एकोणीस वर्षांचा असताना, तो हंगेरीला सहलीला म्हणून गेला आणि तिथून बंदी असलेली सीमा ओलांडून पलीकडे, पश्चिमेत. चिठ्ठी नाही, शब्द नाही. ओट्मार तेव्हा सिग्नलच्या खोलीत कामाला होता. त्याला बोलावून तीन दिवस चौकशी झाली आणि मग मालधक्क्यावर पोती उचलायला पाठवले. दोन-अडीच महिन्यांत भिंतच पडली, कोणीही कुठेही जायला मोकळा झाला. पण ओट्मार म्हणायचा, "गेला त्याचं नाही. विचारल्याशिवाय गाडी सोडली त्याचं आहे."

हे समजायला रेल्वेची रीत माहीत हवी. एका स्टेशनातून गाडी सोडण्याआधी पुढच्या स्टेशनाला विचारतात: गाडी घेता का? पुढचा माणूस वाट मोकळी आहे का बघतो आणि उत्तर देतो: गाडी, हो. हेच शब्द, यात बदल चालत नाही. मग गाडी सुटल्याची वेळ, मग पोचल्याची. चारही गोष्टी वहीत लिहायच्या. न विचारता सोडली तर माणसे मरतात. ओट्मारने आयुष्यात न विचारता काही केले नाही, आणि त्याच्याच मुलाने केले.

फाल्क पलीकडेच, उल्म शहरात, स्थायिक झाला. दर रविवारी मला फोन करायचा, आणि घंटी वाजली की ओट्मार बागेत जायचा. पस्तीस वर्षे असे चालले. अंत्यविधीला फाल्क आला तेव्हा फाटकाबाहेर उभा राहून मला म्हणाला, "मी विचारलं होतं, आई. उत्तर आलं नाही." मला वाटले, पत्रबित्र लिहिले असेल. मी आणखी काही विचारले नाही.

गेल्या महिन्यात मी सगळ्यात शेवटचे, हिरवे इंजिन टेबलावर घेतले. ते फळीच्या टोकाला असायचे, ओट्मार ते कधी चालवत नसे. छत उघडले तर आत आधीच पट्टी बसवलेली. बॅटरीही होती, फुगून मेलेली. आणि सांधे बघितले. इतके कच्चे, गोळे गोळे, जळलेले सांधे जगात एकच माणूस करू शकतो. मी भिंगाखाली बघत होते आणि हसू येत होते, कारण घरात सत्तावीस वर्षांची सोल्डरकामगार बसलेली असताना हा गडी शेडमध्ये लपून बोटे भाजून घेत होता. मग हसू थांबले. माझ्यापासून लपवण्यासारखे त्यात काय होते?

सांध्यांना हात लावला नाही. फक्त नवी बॅटरी जोडली आणि फोन उचलला. प्रत्येक पट्टीला नाव देता येते. माझ्या लाल इंजिनाचे नाव 'लाल' आहे. त्याखाली दुसरे नाव उमटले:

गाडी, हो.

फोन तसाच हातात घेऊन मी शेडमध्ये गेले. ओट्मार बागेतल्या रेल्वेचीही वही ठेवायचा, खऱ्या स्टेशनात ठेवतात तशीच. सिग्नल ज्या वर्षापासून वर होता, ती २०१५ ची वही काढली. ९ मेच्या पानावर फाल्कच्या अक्षरातला कागद टाचलेला होता.

"बाबा, ही पट्टी आणि बॅटरी इंजिनात बसवा, म्हणजे गुडघ्यांवर रांगायला नको. फोनवर यादी उघडलीत की एक नाव दिसेल. ते मी घातलंय. ते बदलता येतं. आईला मध्ये घालू नका, हे आपल्या दोघांतलं आहे. फाल्क."

आणि शेजारी ओट्मारच्या अक्षरात:

"विचारणा: गाडी घेता का? ११:०५. उत्तर: गाडी, हो. १६:३५."

म्हणजे फाल्कने घातलेले नाव 'गाडी घेता का?' असे होते, आणि ओट्मारने ते बदलून उत्तर दिले, पार्सल आले त्याच दिवशी. सव्वीस वर्षांचा राग साडेपाच तासांत संपला, आणि त्यातले पाच तास सोल्डर करण्यातच गेले असणार.

पुढच्या दोन रकान्यांत, सुटली आणि पोचली, काही नव्हते. कोरे.

मी वही घेऊन शेडच्या पायरीवर बसले आणि एकेक गोष्ट जुळवत गेले. ओट्मारला वाटले की उत्तर पोचले. त्याच्या खोलीत तसेच होते ना, इकडे उत्तर दिले की तिकडे घंटा वाजते. इथे नाव बदलले की उल्मला फाल्कच्या फोनवर दिसणार, असे तो धरून चालला. पण ते नाव इंजिनाच्या पोटातच राहते. तीस पावलांपलीकडे कोणाला दिसत नाही. हे त्याला कोण सांगणार? विचारायला तो कोणाकडे गेला नाही. नऊ वर्षे तो सिग्नल वर ठेवून मुलाची वाट बघत राहिला, मुलाने उत्तर वाचूनही यायचे टाळले असे समजून. आणि मुलगा तिकडे समजत राहिला की बापाने पार्सल फेकून दिले. एवढा मोठा होकार, आणि तो दोन बोटे रुंदीच्या पट्टीवर, अंधारात, मेलेल्या बॅटरीशेजारी जपून राहिला. मला अजूनही ते नाव बघताना हात जोडावेसे वाटतात.

हिरवे इंजिन, वही आणि तो कागद फाल्कला द्यावा. सांधे नव्याने करू नयेत.

कलम ७. वरची सहा कलमे सोमवारी लिहून झाली. मंगळवारी सकाळी वाचून पाहिली आणि कलम ६ पाशी मी पेन खाली ठेवले. फाल्कने हे सगळे माझ्या मरणानंतर, बंद पाकिटातून वाचायचे? म्हणजे मीही ओट्मारसारखेच केले की. उत्तर लिहिले आणि जिथून ते कोणाला दिसणार नाही अशा जागी ठेवले. मी स्वतःला दोन शिव्या दिल्या आणि फोन केला.

"फाल्क, शनिवारी ये."

"आई, बरं आहे ना? आज मंगळवार, तू कधी मंगळवारी..."

"मरत नाहीये. रेल्वेत अडचण आहे."

"कुठला दिवा लागतोय? फोनवर सांग, मी सांगतो काय करायचं ते."

"दिवे बरोबर लागताहेत. तू ये."

"आई, पाच तास गाडी चालवायची मी, एका इंजिनासाठी?"

"हो."

शनिवारी दोन वाजून वीस मिनिटांनी तो फाटकातून आत आला. पंचावन्न वर्षांचा झालाय, केस माझ्यापेक्षा पांढरे. मी आलुबुखारचा केक कापून ठेवला होता, त्याला हातही न लावता म्हणाला, "दाखव काय बिघडलंय ते."

मी हिरवे इंजिन रुळांवर ठेवले. "तुझ्या फोनवर यादी उघड."

त्याने उघडली. वाचली. फोन डोळ्यांजवळ नेला, लांब धरला.

"हे तू लिहिलंस?"

"मला तुमची रेल्वेची भाषा येत नाही. मी रेडिओवाली."

मी वही त्याच्या हातात दिली. त्याने पान वाचले आणि बोगद्याच्या भिंतीवर तसाच बसला, चांगल्या पँटसकट, शेवाळावर.

"मला वाटलं, त्यांनी पार्सल उघडलंच नाही."

"त्याला वाटलं, तू उत्तर वाचलंस आणि आला नाहीस."

"नऊ वर्षं?"

"तो सिग्नल बघ," मी म्हटले. "बर्फातसुद्धा खाली घेऊ दिला नाही मला."

तो रडला. मीही रडले, लपवण्यात अर्थ नाही. रोजविटा कुंपणापलीकडे कपडे वाळत घालत होती, आयुष्यात पहिल्यांदाच तिने मान वळवली नाही, त्याबद्दल माझा चहाच्या चांदीच्या चमच्यांचा संच तिला द्यावा.

मग फाल्कने नाक पुसले आणि खिशातून पेन काढले. "किती वाजता निघालो मी... नऊ दहाला," असे स्वतःशीच म्हणाला. त्याने ९ मे २०१५ च्या ओळीत, कोऱ्या दोन रकान्यांत, बापासारख्याच उभ्या अक्षरांत लिहिले: सुटली, ९:१०. पोचली, १४:२०. शेजारी आजची तारीख घातली. वही मिटून मला दिली, उठला, आणि न विचारता, न सांगता थेट फाटकाकडे गेला. गाडी आत आली की काय करायचे हे सिग्नलवाल्याच्या मुलाला शिकवावे लागत नाही. त्याने हात आडवा केला.

सबब कलम ५ मी या लिखाणाने रद्द करीत आहे. गाडी पोचली आहे.

वरील सर्व मी स्वतः लिहिले, स्वतः वाचले, आणि त्यातले एकही अक्षर मला बदलायचे नाही.

(सही) गेर्लिंडे पेस्लर

साक्षीदार १: रोजविटा क्लेम, घर क्रमांक १३. (सही) मी काही पाहिले नाही.

साक्षीदार २: सीगमार हेनेल, टेकडीचा रस्ता, घर क्रमांक ४. (सही) एप्रनसह मान्य.

स्थळ: क्रोटनबाख, बागेतल्या स्टेशनचा बाक
दिनांक: २० सप्टेंबर २०२५, शनिवार, सायंकाळी सहा वाजून पाच मिनिटे